सात नंबरचं गाणं

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर येऊन पडले की माझ्या कानात गाणी सुरू होतात. यात काही संगती नाही, मला मान्य आहे. मी अकोल्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, मार्च-एप्रिलात बारावीचे पेपर तपासतो आणि भिंगाची आकृती उलटी काढणाऱ्या पोरांवर मनातल्या मनात चिडतो. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. खोलीत कूलरच्या ओल्या गवताचा वास. आणि त्या घरघरीतून आधी एक गिटार येते, मग ड्रम, मग कोणीतरी भराभर बोलत सुटलेला माणूस. बायको दारातून डोकावते. "तुमी पेपर तपासून राहिले का नुसती मान हलवून राहिले?" दोन्ही, असं मी सांगतो.

कूलरची घरघर हे त्या गाण्यांमधलं एक वाद्यच होतं म्हणा ना. ती सगळी गाणी मी कूलरसमोर बसूनच ऐकली. अमरावतीत, राजापेठेत, एका शिकवणी वर्गाच्या वरच्या खोलीत. खाली दहावीची पोरं एका सुरात सूत्रं घोकत, रस्त्यावर दुचाक्यांचे हॉर्न, आणि वर आम्ही दोघं. मी चांदूर रेल्वेचा, घरी शेती. दुसरा प्रशिक, अकोल्याचा. बीएस्सीचं शेवटचं वर्ष होतं आणि वार्षिक परीक्षेचा हंगाम. आमच्याकडे या हंगामाला दुसरं नाव नाही. चणा, गहू निघालेला असतो, बदनेऱ्याच्या रस्त्याला पळस फुलून गळायला लागलेला असतो, जागोजागी रसवंत्या लागलेल्या असतात, आणि ज्याच्या-त्याच्या घरात एक तरी पोरगं खोलीचं दार लावून बसलेलं असतं. आम्हीही दार लावून बसायचो. अभ्यास होत नव्हता असं नाही. पण आज त्यातलं एक समीकरण आठवत नाही आणि गाणी मात्र सगळी आठवतात.

आमचा एक नेम होता. दुपारी चार वाजता, चहा उकळेपर्यंत, एकाने दुसऱ्याला एक गाणं द्यायचं. मोबाइलवरून मोबाइलवर. दुसऱ्याने ते दोन्ही कानांत इअरफोनची बोंडं घालून ऐकायचं आणि प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानांवर आपलं मत लिहायचं. खाली दहापैकी गुण. तोंडी मत चालत नसे, कारण तोंडी दिलं की लगेच भांडण व्हायचं. माझी गाणी गिटारवाली, अशा पोरांची ज्यांना कुठल्या कंपनीने उभं केलेलं नसतं, जी आपली आपण कुठल्यातरी गॅरेजात वाजवतात. प्रशिकची गाणी सगळी हिपहॉप. मला ते तेव्हा गाणंच वाटायचं नाही. भराभर बोलण्याला गाणं काय म्हणायचं, असं माझं ठाम मत होतं. त्या वयात माझी सगळीच मतं ठाम असायची.

ईशान्येकडच्या डोंगरातल्या चार पोरांचं एक इंग्रजी गाणं मी त्याला दिलं होतं. त्यात पहिली दोन मिनिटं फक्त आवाज आहे, एकटा, आणि मग गिटार हळूच येते, जाते, परत येते. मी त्यावर पानभर लिहिलं होतं. प्रशिकने लिहिलं: "ह्या पोट्ट्याले कोणीतरी सोडून गेलं. घरचे जेवाले बोलावून राहिले अन् ह्यो उठून नाही राहिला. गिटार म्हणजे त्याची माय हाये. सारखी दारात येऊन पाहून जाते. सात." मी पोट धरून हसलो. आज ते गाणं लागलं की मला दारात उभी असलेली एक बाई दिसते, आणि मी ते दुसऱ्या कुठल्याही प्रकारे ऐकू शकत नाही.

एका परदेशी गायकाबद्दल, जो तोंडातल्या तोंडात पुटपुटतो: "सर्दी झालीये. पण खरं बोलून राहिला. आठ." आणि माझ्या सर्वांत लाडक्या गाण्याबद्दल, ज्यात पाऊण मिनिट व्हायोलिनं रडतात: "हा पोटभर जेवून आला अन् मंग रडाले बसला. चार." या चारवरून मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गाणं पुन्हा ऐकलं. जेवून आलाच होता तो. पण मी तसं कबूल केलं नाही.

माझी मतं कशी असायची? वाचायला भारदस्त. इंटरनेटवरून उचललेले शब्द त्यात असायचे, ध्वनींचे थर, मांडणीतला संयम, असलं काहीतरी. प्रशिक वही समोर धरून पुन्हा पुन्हा वाचायचा आणि विचारायचा, "तुले आवडलं का नाही, ते सांग ना बे." मला ते सांगता यायचं नाही. खरं म्हणजे लोकांना आवडलंय का हे पाहिल्याशिवाय मला आवडलंय का हे मला कळायचंच नाही. इतका जाणकार असून.

तो मात्र अख्ख्या अंगाने ऐकायचा. एका परदेशी बाईचं रॅप त्याने मला समजावून दिलं होतं. इंग्रजी त्याला निम्मंही कळत नव्हतं. "शब्द सोड. ती श्वास कुठं घेते ते पाह्य. भांडताना आपण मधातच थांबतो ना, समोरचा बोलाले तोंड उघडते, अन् तेवढ्यात आपण परत सुरू! ती तसं करते." मी पाहिलं. तसंच होतं. कॉलेजच्या वाटेवर एक रसवंती होती, तिच्या चरकाला घुंगरं बांधलेली. ऊस आत गेला की ती एका लयीत वाजायची. प्रशिक तिथे सायकल टेकवून उभा राहायचा आणि त्या घुंगरांवर काहीबाही बोलायला लागायचा, दुकानांच्या पाट्या, बसचे बोर्ड, परतवाडा, अचलपूर, धारणी, जे दिसेल ते, आणि प्रत्येक शब्द बरोबर घुंगरावर पडायचा. रसवंतीवाला खूश होऊन ग्लास काठोकाठ भरायचा. मी जरा लांब उभा राहायचो. कॉलेजच्या पोरींनी पाहिलं तर काय, ही मला काळजी.

माझी आणखी एक खोड होती. तिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय. प्रशिकची गाणी मी शेवटपर्यंत ऐकत नसे. अर्धं-पाऊण मिनिट ऐकायचं, एक-दोन मुद्दे पकडायचे, बंद करायचं, पेन उचलायचं. गाणं कसं आहे हे मला तेवढ्यात कळतं, असं मी इतर मित्रांना मिशीला पीळ देऊन सांगायचो. मिशी तेव्हा जेमतेम फुटली होती.

परीक्षेच्या सुट्टीत प्रशिक चार दिवस घरी गेला, अकोल्याला. परत आला तो काळवंडून, ओठ सुकलेले. "घरी अभ्यास नाही झाला वाटते," मी म्हटलं. तो नुसता हसला. चार वाजता त्याने मला एक गाणं दिलं. फाइलला नाव नव्हतं, फक्त "नवीन ७". गायकाचं नाव विचारलं तर म्हणाला, "ऐक ना. कळते." आणि चहा तो स्वतः करायला उठला, जो कधी करत नसे.

माझ्या मांडीवर प्रकाशाच्या व्यतिकरणाची गणितं होती, दोन दिवसांवर पेपर. मी बोंडं कानात घातली. ठक-ठक असा कशावर तरी वाजवलेला ठेका आणि एक घुसमटलेला आवाज:

टिनाच्या घरात दुपार येते, बसाले जागा मागते,
बाबाची ढोलकी खुंटीवरून एकटीच जागते.

चाळीस सेकंद ऐकलं असेल. मग बंद केलं आणि वहीत लिहिलं. ते मत मला पाठ आहे. "आवाज दबलेला. बोलतो जास्त, गातो कमी. राग उसना वाटतो. घरात आरामात बसून गरिबीबद्दल ओरडणारी असली गाणी रोज शंभर निघतात. मागे कोणीतरी डबा बडवतंय. दोन." दोनाच्या खाली मी दोन रेघा मारल्या. तेव्हा मला माझं ते वाक्य आवडलं होतं, रोज शंभर निघतात हे.

प्रशिकने चहाचे दोन ग्लास आणून ठेवले, वही घेतली, वाचली. बराच वेळ वाचली, मत चार ओळींचं असूनही. मग म्हणाला, "पूर्ण ऐकलं?"

"हो ना."

"बरं."

वही मिटून त्याने जागेवर ठेवली. त्यानंतर त्याने मला गाणं दिलं नाही. मी दिलेली ऐकायचा, "चांगलं हाये" म्हणायचा, लिहायचा नाही. मला वाटलं, पेपर जवळ आले म्हणून. रसवंतीवरही आम्ही रस पिऊन सरळ पुढे जायचो. पेपर झाले, खोली सोडली, सामान टेम्पोत घातलं. वही कुणाच्या पेटीत गेली कोण जाणे. मी एमएस्सी, बीएड केलं, अकोल्यात नोकरीला लागलो, लग्न झालं, इथेच राहिलो. तो मेळघाटात, धारणीच्या पुढे, एका आश्रमशाळेत शिक्षक झाला. वाढदिवसाला केकचं चित्र यायचं, मीही पाठवायचो. मैत्री अशी चित्रांवर किती वर्षं चालते, याचा मला अंदाज नव्हता. खूप वर्षं चालते.

गेल्या वर्षीची गोष्ट. एप्रिलचा दुसरा आठवडा, तपासलेले पेपर जमा करून संध्याकाळी घरी निघालो होतो. जयंतीचे दिवस. नेहमीच्या रस्त्यावर मांडव पडलेला, निळ्या पताका, लाइटच्या माळा, आणि वाहतूक बाजूच्या गल्लीतून वळवलेली. ती गल्लीही तुंबली होती. एका मंडळाची माणसं थांबलेल्यांना सरबत वाटत होती. मी स्कूटर स्टँडवर लावली आणि ग्लास घेऊन मांडवाच्या कडेला उभा राहिलो. स्टेजवर एक गायन पार्टी बसली होती. हार्मोनियम, ढोलकी, टाळ्या देणारे चार जण, आणि मध्ये पांढऱ्या सदऱ्यातले एक कृश गृहस्थ, खांद्यावर टॉवेल. आवाज पिकलेला, पण खणखणीत. सरबताचे दोन घोट घेतले असतील, आणि ते गायला लागले,

टिनाच्या घरात दुपार येते, बसाले जागा मागते...

चाल वेगळी होती, जुनी, ढोलकीवर झुलणारी. पण शब्द तेच. आधी माझ्या डोक्यात आलं, हे गाणं प्रसिद्ध असणार, ह्यांनी कुठूनतरी उचललं. मग दुसरं कडवं आलं, तिसरं आलं. तिसऱ्यात ते मध्येच थांबले. ढोलकीही थांबली. सगळा मांडव थांबला. आणि एक माणूस पाण्याचा हंडा खाली ठेवतो तेवढ्याच आवाजात पुढची ओळ आली. मी हे कडवं कधीच ऐकलं नव्हतं. शेवटच्या कडव्याला समोरची माणसं सावरून बसली, मागच्या एका बाईने पोराला गप्प केलं.

प्रशिक म्हणे, दार उघडं हाये, पुसू नका नाव-गाव,
या, बसा, पाणी घ्या, मंग सांगा तुमचा ठाव.

टाळ्या पडल्या. माझ्या हातातला ग्लास तसाच होता.

प्रशिकने मला सांगितलं होतं. आमच्याच खोलीत, कधीतरी चहा पिताना. "आमच्या बाबाच्या पार्टीत गाणं कोणाचं हाये ते आधी नाही सांगत. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येते. तोवर आयकाच लागते." मी तेव्हा मान डोलावली होती. म्हणजे त्याने माझ्यापासून काही लपवलं नव्हतं, माझी परीक्षाही घेतली नव्हती. त्याच्या घरात जशी रीत होती तसं त्याने गाणं दिलं होतं, नाव जिथे यायला पाहिजे तिथेच ठेवून. मी तिथवर गेलो नाही, एवढंच झालं. साडेतीन मिनिटांचं गाणं असेल. मला तेवढा वेळ नव्हता, आणि तीच दुपार मी पुढे दोन तास कूलरसमोर घोरत काढली होती.

स्टेजच्या बाजूला साउंडच्या पेटीजवळ एक माणूस वाकून बटणं फिरवत होता. पोट थोडं सुटलेलं, कानाजवळ पांढरे केस. मी जवळ गेलो. त्याने वर पाहिलं.

"आला का बे," प्रशिक म्हणाला, सकाळीच भेटलो असल्यासारखा.

"हे गाणं तुझं आहे."

"हो. सात नंबर." एक बटण त्याने जरा खाली आणलं. "बाबानं चाल बदलवली. माह्या चालीत त्याईचा दम पुरत नव्हता."

"तेव्हा मी पूर्ण ऐकलं नव्हतं, प्रशिक. खोटं बोललो."

"मले मालूम हाये."

"कसं?"

"नाव आलं असतं तर तू तसं लिहिलं असतं का? चांगलं लिहिलं असतं. खोटं लिहिलं असतं, पण चांगलं." तो हसला. हसणं तेच होतं, मला ते सहन झालं नाही.

"मग त्याच दिवशी शिव्या काहून नाही दिल्या?"

"वाट पाहून राहिलो होतो ना. म्हतलं, आज नाही तर उद्या ऐकन. पेपर झाले. सामान टेम्पोत टाकेपर्यंत पाहिली वाट. मंग म्हतलं, जाऊ दे." पेटीवरची धूळ पुसत तो म्हणाला, "लय मेहनत केलती बे त्याच्यासाठी. घरी टिनाखाली, पंख्याचा आवाज येते म्हणून पंखा बंद, अंगावर गोधडी. एप्रिल महिना. बाबा गल्लीत उभे होते, पोट्ट्याईले चूप करत. कोंबडी बी बोलू देली नाही त्याईनं."

घरात आरामात बसून ओरडणारी गाणी, असं मी लिहिलं होतं.

मी विचारलं, ते जुनं रेकॉर्डिंग आहे का. नव्हतं, मोबाइल गेला त्यासोबत कार्डही गेलं. त्यानंतर दुसरं लिहिलं का? नाही. मग तुझ्या चालीत आता म्हणशील का, फक्त मला. त्याने पेटीच्या कडेवर बोटं वाजवली, ठक-ठक, तोच ठेका, आणि हळू आवाजात सुरुवात केली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीत अडखळला. पुन्हा मागून घेतलं, पुन्हा तिथेच अडकला. "नाही येऊन राहिलं," तो म्हणाला. "शब्द हायेत. श्वास कुठं तोडत होतो, ते आठवून नाही राहिलं." श्वास कुठे घ्यायचा हे ज्याने मला शिकवलं, त्याच्या तोंडचं हे वाक्य मला अजून पेपर तपासताना ऐकू येतं.

"मत देऊ?" मी म्हणालो. "आता ऐकलं पूर्ण."

"मले कायले? गाणं बाबाचं झालं आता. त्याईले सांग. कोणी सांगतलं का त्याईले लय खुशी होते."

बाबा स्टेजच्या मागे खुर्चीवर बसून चहा पीत होते. मी एवढी वर्षं त्यांच्या मुलाला ओळखत होतो आणि त्यांना आज पहिल्यांदा पाहत होतो. प्रशिक आमच्या घरी चांदूरला पाच-सहा वेळा येऊन राहिला होता. आईच्या हातची भाकर, वांग्याची भाजी त्याने चाटून-पुसून खाल्ली होती. त्याने मला दर सुट्टीला घरी बोलावलं, आणि मी दर सुट्टीला काहीतरी काम काढलं. अकोल्याला माझे मामा होते, त्यांच्याकडे मी वर्षातून चारदा यायचो. पण प्रशिकच्या वस्तीत जायचं म्हटलं की कुठे गेला होतास, असं मामांनी विचारल्यावर काय सांगायचं, हा विचार आधी यायचा. कुणी मला जाऊ नको म्हटलं नव्हतं. मीच जात नव्हतो. हे मी कुणाला बोललो नाही, आज लिहितोय, आणि मला त्याची लाज वाटते.

"नमस्कार, काका," मी म्हटलं.

"जय भीम, भाऊ. बसा." त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि कुणाला तरी हाक मारून मलाही चहा मागवला.

मी त्यांना गाण्याबद्दल सांगितलं. या खेपेला भारदस्त शब्द सुचलेच नाहीत. तिसऱ्या कडव्यात तुम्ही थांबलात तिथे मला धस्स झालं, म्हटलं, आता पुढची ओळ येतच नाही. शेवटी या, बसा, पाणी घ्या आलं तेव्हा तिथेच खाली बसावंसं वाटलं. गाणं मला फार आवडलं, काका. एवढंच बोललो.

त्यांचा चेहरा उजळला. "ते थांबनं माह्यं नाही, बरं का. लिवतानाच जागा सोडेल हाये तिथं. माह्या पोराचं गाणं हाये हे. प्रशिकचं." मग माझ्याकडे नीट पाहत त्यांनी विचारलं, "तुमी वळखता का त्याले?"

मागे, दोन हातांवर, प्रशिक वायरी गुंडाळत होता.

"अमरावतीले एका खोलीत होतो आमी," मी म्हणालो. "शेवटच्या वर्षाले."

"असं का!" त्यांना खरंच आनंद झाला. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "अन् मंग घरी कसे नाही आले कधी?"

त्यांच्या आवाजात बोल नव्हता, साधी चौकशी होती. चहा आला होता, वाफ निघत होती. अकोल्यात सात वर्षं राहणारा मी, त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणालो, "योग नाही आला, काका."

वायरी गुंडाळणारे हात थांबले. मग पुन्हा सुरू झाले.